इनासकाकांची हयातीची वही

तुम्ही जिवंत आहात, याचा पुरावा काय?

हसू नका. श्वास चालू आहे, हे उत्तर चालणार नाही. साक्षीदार आहे का? गेल्या वर्षभरात कुणी तुमच्या दारात आलं, तुमच्याकडे नीट बघितलं आणि "हो, हे माणूस आहे" असं लिहून दिलं, असं झालंय?

हा प्रश्न मला इनासकाकांमुळे पडला. या उन्हाळ्यात ते गेले. वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्या आणि नव्या इमारती यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेलं आमचं गाव. तिथल्या छोट्या बँकेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले हे बँकेचं म्हणणं. काकांना ते मान्य नव्हतं.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी अजून जिवंत आहे, असा. ज्यांना बँकेपर्यंत चालवत नाही त्यांच्याकडे काका नोकरीत असल्यापासून स्वतः जायचे. दोन नोव्हेंबरला आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या मृतांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतो. काका तो दिवस दफनभूमीत काढायचे आणि तीन तारखेला सकाळी सायकल काढायचे. "काल गेलेल्यांना भेटलो, आजपासून राहिलेल्यांना," असा त्यांचा हिशेब. पांढरा सदरा, पॅंटला सायकलची क्लिप, खिशात खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत बसवलेलं शाईचं पॅड. दारात उभं राहून एकच हाक:

"आहात ना?"

आतून "आहे!" आलं की मगच चपला काढायच्या. चहा घ्यायचे नाहीत, ड्यूटीवर चहा नको म्हणून. आगाशीच्या बाजारातली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पुढे केली तर मात्र दोन घ्यायचे. सुकेळी हे पेय नाही, असा नियम त्यांनीच केला होता.

बँक आणि चर्च यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे. रविवारच्या मिस्सेला सगळ्यांच्या आधी येऊन दारं उघडायची, पंखे लावायचे, शेवटच्या बाकावर बसून कोण आलं नाही ते बघायचं. प्रवचन लांबलं की हात उंच करून घड्याळावर टिचकी मारायचे. फादर वैतागून म्हणायचे, "इनास, देवाच्या घरी घड्याळ नसतं." काका म्हणायचे, "फादर, पण घरी मासळी चुलीवर असते."

चर्चच्या सणाला जेवणाची रांग लावायला त्यांनी दोरी बांधली होती. एक बडा बिल्डर दोरीखालून वाकून पुढे घुसला. काकांनी अदबीनं त्याला सांगितलं, "साहेब, तुमचा काउंटर नंबर दोन." तो बिचारा मंडपाला तीन फेऱ्या मारून आला. काउंटर नंबर दोन नव्हताच. शेवटी तो रांगेच्या टोकाला, आमच्या भांडी घासणाऱ्या सुनंदामावशीच्या मागे उभा राहिला. त्या दिवशी मी काकांची भक्त झाले.

माझे डॅडी गावचं पाणी वाचवायच्या आंदोलनात होते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. त्यामुळे राग मला लवकर येतो आणि लिहिताही येतो. पाचूबंदरच्या मार्ताआजीचं प्रकरण झालं तेव्हा असाच आला. जन्मभर कोलंबी सोलून आजीच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कचेरीतलं मशीन तिचा अंगठा घेईना. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "आजी, सिस्टीममध्ये तुम्ही येत नाही."

"मंग हितं कोन बसलंय?" आजी कडाडली. "माझं भूत?"

काका शेजारीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "साहेब, मशीन म्हणतंय आजी नाही. आजी म्हणतेय आहे. आता बघा, दोघांपैकी तुमच्याशी भांडतंय कोण?"

अधिकाऱ्याला हसू आलं आणि कागद हातानं भरला गेला.

मी मात्र घरी जाऊन पत्रक लिहिलं: 'जिवंत माणसाकडे दाखला मागणाऱ्यांनो, लाज धरा!!!' काकांना वाचायला दिलं. त्यांनी लाल पेनानं आधी दोन उद्गारचिन्हं खोडली.

"पोरी, राग झकास आहे. मागणी कुठाय?"

"शेवटी आहे की."

"तिथे सात मागण्या आहेत. सात म्हणजे एकही नाही. एकच माग. आणि अशी माग, की वाचणाऱ्याला आज संध्याकाळपर्यंत करता येईल."

पुढे दाखल्याचं काम मोबाइलवर व्हायला लागलं. नातवंडं एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून येतात, आजोबांच्या तोंडासमोर फोन धरतात, झालं. आता काकांची गरज उरली नव्हती. तरी तीन तारखेला सायकल निघालीच.

"काका, आता कशाला?" मी विचारलं.

"फोनला चेहरा दिसतो. माणूस मला बघायचा असतो."

गेल्या वर्षी मात्र ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन तारीख जवळ आली तसे ते पलंगावर चुळबुळ करायला लागले. मुलगा कॅनडात. त्यानं फोनवर सांगितलं, "पापा, एक वर्ष नाही गेलात तर काय होईल?" काकांनी फोन ठेवला आणि मला बोलावलं. "एक वर्ष नाही गेलो, तर त्यांना वाटेल मीच गेलो. तू जा." आणि दारोदार न्यायची त्यांची वही त्यांनी मला दिली.

वहीत प्रत्येकाला एक पान. डावीकडे त्या माणसाची सही किंवा अंगठा, उजवीकडे बघणाऱ्याची सही, कडेला तारीख. मी आठवडाभर फिरले. "इनास कुठंय?" हा प्रश्न प्रत्येक दारात झाला, आणि तो उठून बसेपर्यंत आपण मरणार नाही, असं मार्ताआजीनं मला बजावून सांगितलं.

शेवटच्या घरी सही घेऊन मी वही मिटत होते. एक पान उरलं होतं. वर नाव: इनास. डावीकडे दर नोव्हेंबरची त्यांची वळणदार सही. उजवीकडे बघणाऱ्याची सही, फिलोमिना. त्यांची बायको. वर्षानुवर्षं फिलोमिना, फिलोमिना. मग काकी वारल्या ते वर्ष. त्यानंतर डावीकडे दरवर्षी काकांची सही होती. उजवीकडची जागा मोकळी.

उजवीकडेही त्यांना स्वतःच सही ठोकता आली असती. कोण विचारणार होतं? पण स्वतःचा दाखला स्वतः देता येत नाही. नियम म्हणजे नियम.

मी सायकल वळवली. त्यांच्या दारात उभी राहिले. चपला काढल्या नाहीत.

"आहात ना, काका?"

आतून पलंग करकरला. मग वॉकरचा आवाज आला. काका चालत दारापर्यंत आले. माझ्या हातातली वही कुठल्या पानावर उघडी आहे ते त्यांनी बघितलं.

"आहे," ते म्हणाले.

त्यांनी डावीकडे सही केली. मी उजवीकडे. त्यांनी चष्मा सावरून ती तपासली आणि म्हणाले, "तारीख घाल. तारखेशिवाय चालत नाही." मग स्वतःहून सुकेळ्यांचा डबा पुढे केला.

या दोन तारखेला आम्ही त्यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. फिलोमिनाकाकींच्या शेजारीच त्यांना जागा मिळाली आहे. मार्ताआजी काठी टेकत आली होती. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या येशील ना गो? मी हाय अजून."

मी गेले. पण माझी सायकल एक आणि या वसई-विरारमध्ये बंद दारं किती! म्हणून हे पत्रक, आणि यात मागणी एकच. तुमच्या मजल्यावर, तुमच्या आळीत एक दार असेल, ज्याच्याबाहेर चपलांचा एकच जोड असतो. आज संध्याकाळच्या आत तिथे जा. "आहात ना?" असं विचारा. आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.