सलोखा : सकाळी अकरा ते साडेअकरा

आरतीबाई, गेल्या नाताळात तुम्ही आमची दोरेगल्ली पाहायला आला होतात. याच शहराच्या नव्या वसाहतीतून, पर्यटन समितीच्या बसने. घरी गेल्यावर तुम्ही मला पत्र लिहिलंत : 'अशा गल्लीत राहायला भाग्य लागतं. आम्हाला काही करता येण्यासारखं असेल तर जरूर कळवा.' ताज्या कलमात लिहिलं होतं, की तुमचा तळमजल्याचा फ्लॅट रिकामाच असतो, कधी मुक्कामाला यावं. मी उत्तर दिलं नाही. अनेकदा लिहायला बसलो. पण आपल्याला जे म्हणायचं आहे ते आपल्याला नक्की माहीत आहे का, अशी शंका मला जन्मभर येत आली. आता मात्र कळवण्यासारखं काही आहे.

तुम्ही पाहिलीत ती ताटांची प्रथा खरी आहे. शेजारच्या फिलोमिनाताई, इस्पितळात नर्स, नाताळात करंज्यांचं ताट बाबूभाई तांबोळींकडे आणि रतनबाईंकडे पाठवत. ताट रिकामं परत करायचं नाही, एवढाच नियम. मग त्यात कधी शेंगा यायच्या, कधी गूळ, आणि रतनबाईंशी बोलचाल बंद असली तर चिमूटभर साखर.

समितीचे सचिव गहिनीनाथराव पाहणीला आले, तेव्हा त्यांना त्रुटी आढळली. "प्रथा उत्तम आहे, पण तिला वेळ नाही. पर्यटक आले आणि तुम्ही नेमके त्या दिवशी सलोख्यात नसलात, तर?"

"तर भांडण बघतील," रतनबाई म्हणाल्या. "फुकटात."

सलोख्याची वेळ रोज सकाळी अकरा ते साडेअकरा ठरली. रोज करंज्या कोण तळणार? त्याच करंज्या फिरू लागल्या. काही आठवड्यांनी बाबूभाई म्हणाले, "ताई, ही कडेची करंजी आता मला ओळखायला लागली." तेव्हा समितीने प्लास्टरच्या करंज्या मंजूर केल्या. तुमच्याबरोबरच्या गृहस्थांनी चावली, ती त्यांतलीच. त्यांच्या दाताबद्दल समितीने दिलगिरी व्यक्त केली आहे. करंजीला काही झालं नाही.

पुढे पर्यटकांची तक्रार आली, की कोणतं घर कोणाचं ते बाहेरून कळत नाही. घरांना तीन रंग देण्यात आले. फिलोमिनाताईंना झगा घालायची सूचना मिळाली.

"अहो, आमच्या घरात माझी आजीसुद्धा लुगडंच नेसायची," ताई म्हणाल्या.

"ते तुम्हाला माहीत, ताई," गहिनीनाथराव समजुतीने म्हणाले. "पर्यटकांना कसं माहीत असणार?"

त्यानंतरच्या अहवालात वाळत घातलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या आणि दारातल्या चपला यांचा उल्लेख होता. निष्कर्ष एका ओळीचा : 'रहिवाशांमुळे वस्ती नीट दिसत नाही.' घरमालकांनी घरं समितीला दिली. बाबूभाई मुलाकडे श्रीरामपूरला गेले, रतनबाई भावाकडे मिरजगावला. फिलोमिनाताईंच्या खोल्या 'नमुना ख्रिस्ती घर' झाल्या. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. गहिनीनाथरावांनी खोली निरखून पाहिली आणि म्हणाले, "खाट राहू द्या. खाट छान दिसते."

माझीही खोली तपासण्यात आली. शेरा पडला : 'पुस्तकांखेरीज पाहण्यासारखं काही नाही.' तो मी अमान्य करू शकलो नाही, म्हणून अजून इथेच आहे. खाटेवरून उठवलेल्या ताईंच्या आई तूर्त माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून झोपतात. ताई दाराशी झोपतात, मी बाहेर ओट्यावर.

ताईंची नोकरी इथे नगरातच, म्हणून आम्ही खोल्या शोधायला निघालो. जिना नको, एवढीच अट. मालक प्रेमाने चहा विचारत, मग नाव विचारत, आणि नाव ऐकल्यावर खोली आदल्याच दिवशी गेलेली असे. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तेवढी राहिलेली. एक गृहस्थ मात्र सरळ बोलले. "आमची काही हरकत नाही हो. पण बाकीच्यांना चालत नाही." आम्ही त्याच इमारतीतल्या बाकीच्यांना भेटलो. त्यांचीही हरकत नव्हती, बाकीच्यांची होती. अशा रीतीने, कोणाचीच हरकत नसलेल्या बऱ्याच इमारती आमच्या पाहून झाल्या.

शेवटच्या घरी दिवाणखान्यात आमच्या गल्लीचा मोठा फोटो होता. ताट हातात धरलेल्या, झग्यातल्या फिलोमिनाताई. खाली लिहिलं होतं, 'हेच आपलं शहर.' ताईंनी फोटो ओळखला. मालकांनी ताईंना ओळखलं नाही.

जिना उतरताना ताई म्हणाल्या, "चुकलंच सर आपलं. अकरा वाजता यायला पाहिजे होतं."

तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं. दोघींना तुमचा तळमजला पुरेल. भाडं वेळेवर येईल आणि ताट रिकामं परत येणार नाही, याची हमी मी देतो. याहून मोठी हमी देण्याची माझी योग्यता नाही. तुमची स्वतःची हरकत नसणार, हे मी धरूनच चाललो आहे. बाकीच्यांची असेल, तर त्यांची नावं कळवा. त्यांनाही पत्र लिहीन. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे.

ता. क. सर टपालपेटीजवळ येऊन पुन्हा विचार करत उभे राहिले, म्हणून पत्र मी माझ्या हाताने टाकते आहे. ताट किती वाजता आणू, तेवढं कळवा. – फिलोमिना