पुढल्या चाकावरील मोहिमेची साद्यंत हकीकत

आईसाहेब, खुर्चीनशीन, गुडघ्यांनी जेर परंतु जिभेने अजिंक्य, यांणी आज्ञा केली की, मोटारसायकलीच्या पुढल्या ब्रेकाचे प्रकरणी जे जे घडले ते ते कोणाची भीडमुर्वत न धरिता लिहून ठेवावे, चिरंजीवांस बरे दाखविण्याकरिता पदरचे काही घालू नये, सूनबाईंनी केले ते गाळू नये, आणि पुढेमागे या घरात कोणास हाती पान्हा घेण्याची उबळ आली तर त्यास आधी हे वाचावयास बसवावे. आज्ञा शिरसावंद्य. हकीकत येणेप्रमाणे.

खासा स्वारी, म्हणजे आईसाहेबांचे एकुलते चिरंजीव, विम्याचे कचेरीत मातब्बर असामी. परक्यांच्या अपघातांचे कागद तपासावे आणि विजेचा खांब आपण होऊन मोटारीवर चालून आला ऐसे कोणी लिहिले तर त्यावर लाल शाईने शेरा मारावा, हा नित्याचा उद्योग. पदरी एक मोटारसायकल, काळी, लग्नाआधीची, म्हणजे मानाने बाईसाहेबांहून, म्हणजे सूनबाईंहून, थोरली. रोज सकाळी स्वारी पुढे आणि बाईसाहेब मागे ऐशा थाटाने दोघे कामावर निघत. बाईसाहेब दातांचे दवाखान्यात रुग्णांस वेळा नेमून देण्याचे गादीवर होत्या, तेथे त्यांस उतरवून स्वारी पुढे कचेरीस जात असे.

आता या वाटेचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. घर तीन खोल्यांचे, भिंती पातळ, आणि आईसाहेबांचे कान गुडघ्यांसारखे थकलेले नव्हेत. सबब नवराबायकोने एकमेकांस जे सांगावे ते घरात सांगण्याची सोय नव्हती. मग बाईसाहेब गाडीवर हनुवटी स्वारीच्या खांद्यापाशी नेऊन बोलत: कोणाचे वागणे लागले, कशाची काळजी वाटते, रात्री कोणते स्वप्न पडले आणि त्यात स्वारी कशी वाईट वागली. डोईस हेल्मेट असल्यामुळे स्वारीस उलट बोलता येत नसे, केवळ मान डोलावता येई. मान डोलावणारा नवरा बाईसाहेबांस दिवसातून तेवढाच लाभत असे.

ऐसे सुखाने चालले असता पुढला ब्रेक फितूर जाहला. बाईसाहेबांनी मागून वारंवार अर्ज केले की, हा ब्रेक दाबल्यावर गाडी विचार करून मग थांबते. दर अर्जावर स्वारीचा एकच निकाल पडे: "चालतंय गं अजून!" मग एके दिवशी पाण्याचे टाकीपासचा उतार उतरत असता पुढे गादीवाल्याची हातगाडी आडवी आली, आणि स्वारीने ब्रेकाचा दांडा मुठीपर्यंत आवळला, आणि गाडीने तो हुकूम साफ धुडकाविला, आणि पुढले चाक ढालतलवार न उचलिता थेट गाद्यांचे राशीत घुसले. गाद्यांनी अब्रू राखिली. कोणास खरचटलेदेखील नाही. परंतु तेथे स्वारीने वळून जे उद्गार काढिले, त्यांणी जी जखम केली ती गाड्यांच्या टकरीने जाहली नसती. उद्गार ऐसे: "लागलं नाही ना कुठे? मग झालं तर!"

बाईसाहेबांनी हेल्मेट उतरविले, गाडीच्या आरशास अडकविले, पदर सारखा केला आणि चालत बसथांब्यावर गेल्या. तेथून पुढे त्यांचे येणेजाणे बसने. घरात बोलणे उरले ते गॅस, किल्ल्या आणि आईसाहेबांच्या गोळ्या, इतक्या तीन खात्यांपुरते.

अशात दवाखान्यातील हिशेबनीस बाईंनी नवी मोटार घेतली आणि बाईसाहेबांस कळविले की, सोमवारपासून माझे शेजारची जागा कायमची तुमची, रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, नाहीतर दुसरी एक जण वाट बघते आहे. मोटारीत गारवा, गाणी, धूळ नाही. बाईसाहेबांनी ही वार्ता जेवताना आमटी वाढता वाढता सहज सांगितली. स्वारीचा घास हातातच राहिला. मग स्वारीने फर्मान काढिले की, येत्या रविवारी पुढला ब्रेक समूळ बदलला जाईल, चाकाची मोठी थाळी, तीस आवळणारा मोठा चिमटा, तेलाची पोलादी जाळीची नळी, आणि हे सर्व कार्य खाशा स्वारीच्या हस्ते, घरीच, खाली वाहनतळात होईल.

नाक्यावरच्या मेस्त्रीने मसलत दिली होती की, "साहेब, इकडे आणा गाडी, तुमचा चहा पिऊन होईस्तोवर बसवून देतो." स्वारीने मसलत नाकारिली. का नाकारिली हे तोंडाने सांगितले नाही, परंतु बाईसाहेब जाणून होत्या. मेस्त्रीने बसविलेल्या ब्रेकावर मागे बसणारीने विश्वास ठेवावयाचा तो मेस्त्रीवर; आणि स्वारीस तो विश्वास स्वतःवर हवा होता. खरे सांगावयाचे तर बाईसाहेबांचा मेस्त्रीवरच अधिक होता, तथापि हे त्यांणी चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

रविवारी न्याहारी आटोपून स्वारी जुनी विजार आणि बनियन परिधान करून खाली उतरली. इंजिनाखाली देऊन पुढले चाक अधांतरी करावे म्हणोन आईसाहेबांचे पाय ठेवावयाचे लाकडी स्टूल त्यांस न पुसता जप्त करण्यात आले. ब्रेकाचे तेल रंग खाते, सबब पेट्रोलच्या टाकीवर पलंगावरली जुनी चादर पांघरिली. मोबाइलात कोणी परदेशस्थ उस्ताद हे काम गाणे लावून हसत हसत करीत होता, त्यास भिंतीशी टेकवून उभा केला. मग जुन्या चिमट्याच्या बोल्टास वेढा पडिला. बोल्ट गंजाच्या तटबंदीत बसलेला. स्वारीने पान्हा लाविला, फवारा मारिला, पान्ह्यास नळकांडे जोडून लांब केला, कमरेचे बळ घातले, आणि एकाएकी पान्हा सटकून स्वारीची मूठ चाकाच्या आऱ्यांवर गेली. वरून बाईसाहेबांनी विचारिले, "काय झालं?" खालून उत्तर आले, "काही नाही, काही नाही!" आणि या काही-नाहीपाठी सालटे गेलेले बोट तोंडात घातल्याचा आवाज आला. दुसरे हल्ल्यात बोल्ट शरण आला.

मग नवी थाळी चढली, नवा चिमटा चाक तोलून धरणाऱ्या उभ्या पायामागे बसला, नळी जोडिली, आणि काम इतके देखणे जाहले की स्वारी दोन पावले मागे सरून पाहत राहिली. इतक्यात तळमजल्याचे जाणते काका वर्तमानपत्र घेऊन आले. हे गृहस्थ निवृत्त. पूर्वी कशातून निवृत्त जाहले हे कोणास नक्की माहीत नाही, परंतु सल्ला देण्यातून नव्हे. काकांनी मान तिरकी करून चिमटा न्याहाळला आणि म्हणाले:

"बाकी झकास हो. पण कंपनीचं नाव उलटं बसलंय की!"

पाहतात तो खरेच. चिमट्यावर कोरलेली लाल अक्षरे डोके खाली, पाय वर. येणाऱ्या-जाणाऱ्या थोरामोठ्यांनी माना वाकड्या करून वाचावे, ऐसा प्रकार. स्वारीने पुष्कळ हिशेब केला, आणि चिमट्याची बैठक सोडून ती उलट फिरवून चिमटा पायाच्या मागून पुढे आणिला. अक्षरे सरळ जाहली. काका संतुष्ट होऊन पायरीवर बसले. आणि त्याच घटकेस त्या मोहिमेस घुशीने बीळ पाडिले, हे तेव्हा कोणास उमगले नाही.

आता राहिले नळीतील हवा काढणे. तेलाने भरलेल्या नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी दांडा दाबला असता हवाच दबते, चाक दबत नाही. त्या कामी दुसरा माणूस लागतो. स्वारीने वर पाहून हाक दिली, "अगं, जरा येतेस का? नुसतं दाबायचंय." बाईसाहेब खाली आल्या. मग स्वारी चिमट्यापाशी उकिडवी बसली आणि हुकूम देऊ लागली.

"दाब. अजून दाब. धरून ठेव. हां, आता सोड."

"किती वेळ?"

"कडक लागेपर्यंत."

"कडक? हे तर लोण्यात बोट घातल्यासारखं लागतंय."

"दाबत राहा गं, येईल."

आले नाही. तेलाची बाटली संपली, दुसरी आणिली, तीही निम्म्यावर आली. हवा दिसावी म्हणोन चिमट्यास लाविलेल्या पारदर्शक नळीतून तेल साधू-संतांसारखे शांत वाहे, बुडबुडा एक दिसेना, आणि दांडा मात्र तसाच मऊ. परदेशस्थ उस्ताद तिकडे हसत होता, सबब त्यास पालथे घालण्यात आले. काकांनी सुचविले की तेल भेसळीचे असावे. मग सुचविले की दांडा वाकडा असावा. मग सुचविले की दाबणाऱ्याची पकड कमी पडत असावी, आणि बाईसाहेबांनी त्यांजकडे नुसते पाहिले, तेव्हा काका वर्तमानपत्राआड गेले.

याच सुमारास बाईसाहेबांचा फोन वाजला. पलीकडे हिशेबनीस बाई. "हो," बाईसाहेब म्हणाल्या, "नाही अजून. संध्याकाळी सांगते नक्की." स्वारीने पान्हा फरशीवर ठेविला, अगदी हळू, जणू ते कोणाचे झोपलेले मूल असावे. चादरीवर तेलाचे डाग, बोटास फडके, बनियनास काळे हात. परक्यांचे शेकडो अपघात लाल शाईत नाकारणारा तो पुरुष त्या चाकासमोर ऐसा बसला होता की बाईसाहेबांस हसूही येईना आणि राग म्हणावा तर तोही शोधून सापडेना.

तोच वरल्या गॅलरीतून राजआज्ञा कोसळली: "स्टूल नेलंत ते नेलंत, निदान माझी शेकायची पिशवी तरी कोणी भरून देईल का?"

बाईसाहेब वर गेल्या. पाणी तापविले, रबरी पिशवीत ओतिले, आणि रोजच्या सवयीने पिशवीचे तोंड वर धरून पोटास दाबिले, म्हणजे आतली हवा फुस्सकन बाहेर पडावी आणि मग बूच लावावे. हवा राहिली तर पिशवी ढेकर दिल्यासारखी फुगते आणि गुडघ्यावर बसत नाही, मग आईसाहेबांची फिर्याद येते. बूच अर्धे फिरले आणि बाईसाहेबांचा हात थांबला. पिशवीच्या तोंडाकडे पाहिले. मग पिशवी तशीच हातात घेऊन त्या जिना उतरून खाली गेल्या. पाठीमागून "अगं, ती माझी आहे!" ऐसा पुकारा जाहला, त्याकडे लक्ष दिले नाही.

चाकापाशी वाकून त्यांणी बोट दाखविले.

"अहो, हवा बाहेर पडते ती या बोंडातनं ना?"

"निपल म्हणतात त्याला. हो."

"मग ते खाली का आहे?"

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली, जमिनीकडे! हवा वर जाते का खाली? ही पिशवी मी उलटी धरून भरली, तर हवा निघेल का पाणी सांडेल?"

स्वारीने पिशवी पाहिली, निपल पाहिले, पुन्हा पिशवी पाहिली.

"सकाळी वर होतं ते," स्वारी पुटपुटली.

"मग खाली कोणी केलं?"

दोघांनी एकदमच पायरीकडे पाहिले. वर्तमानपत्र वीतभर वर सरकले.

मग बैठक सोडिली, उलटविली, चिमटा पुन्हा पायामागे गेला, अक्षरे डोक्यावर उभी राहिली, आणि बोंडाने मान वर केली. बाईसाहेब दांड्यावर, स्वारी पान्ह्यावर, आणि पहिल्याच दाबास नळीतून बुडबुड्यांची फौजच्या फौज बाहेर पडिली, थोरले, धाकटे, आणि पाठीमागून चिल्लर. सकाळपासून चिमट्याच्या माथ्यावर दडून बसलेला सर्व शत्रू. मग तेल एकसंध वाहू लागले. बाईसाहेबांनी दांडा दाबिला आणि तो निम्म्या वाटेवर दगडासारखा थांबला.

"कडक," त्या म्हणाल्या.

स्वारीने जागेवरून उठून स्वतः दाबून पाहिला. चाक हाताने फिरविले, दांडा दाबिला. चाक जागच्या जागी. मग बोल्ट एकेक तपासून आवळले, स्टूल काढिले, आणि स्वारी एकटीच गाडीवर बसून वाहनतळातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, थांबत, निघत, थांबत गेली, आणि टाकीचा उतारही एकटीने उतरून आली. बाईसाहेब फाटकाशी उभ्या. स्वारीने गाडी त्यांच्या पुढ्यात आणून उभी केली. आता येथे "चल, बस" ऐसा हुकूम होणार म्हणोन बाईसाहेबांनी मनात उत्तरही तयार ठेविले होते. परंतु स्वारीने हेल्मेट काढिले. हेल्मेटाआडून मान डोलावता येते, ते काढल्याशिवाय बोलता येत नाही.

"तू सांगत होतीस तेव्हाच करायला हवं होतं," स्वारी म्हणाली. "आणि त्या दिवशी... मी आधी तुझ्याकडे नीट बघायला हवं होतं. मी गाडीकडे बघितलं."

त्या दिवशीचा खरा किल्ला तो, आणि तो येणेप्रमाणे पडिला. बोल्ट त्यामानाने सोपा होता.

बाईसाहेबांनी पिशवी काकांच्या हाती दिली. "वर देऊन या जरा. गार व्हायच्या आत." आणि आरशास इतके दिवस लोंबणारे आपले हेल्मेट उतरवून घातले, पदर खोचला, आणि मागे बसल्या. उतारावर त्यांणी स्वारीचा खांदा घट्ट धरिला. टाकीपाशी स्वारीने ब्रेक दाबिला आणि गाडी ऐशी चटकन थांबली की मागले हेल्मेट पुढल्या हेल्मेटावर टक्कन आदळले.

"अहो, मागे माणूस आहे!"

स्वारीने जोरजोराने मान डोलाविली.

परत येताना काका फाटकाशीच होते. चिमट्याकडे पाहून हळहळले: "नाव उलटंच राहिलं की हो शेवटी!"

"राहू दे काका," बाईसाहेब म्हणाल्या. "गाडी थांबते."

मग हिशेबनीस बाईंस फोन गेला, की जागा त्या दुसरीस खुशाल द्यावी. येणेप्रमाणे पुढले चाक सर जाहले, हवा परागंदा जाहली, आणि खाशा स्वारीची फत्ते जाहली, ऐसे स्वारी कचेरीत सांगते, त्यात पिशवीचा उल्लेख येत नाही, सबब तो येथे केला आहे. स्टुलावर तेलाचा डाग पडला, त्याच्या भरपाईचा आईसाहेबांचा दावा चालू असून चिरंजीवांनी तो अद्याप नाकारिला नाही, कारण छाती होत नाही.

सोमवारी सकाळी बाईसाहेब उतारावर हनुवटी खांद्यापाशी नेऊन पुष्कळ वेळ बोलत होत्या. इतक्या दिवसांचे साचलेले होते. काय बोलल्या ते वाऱ्यामुळे कोणास कळले नाही. पुढच्याची मान डोलत होती, इतके मागून येणाऱ्या बसमधल्या मंडळींनी पाहिले, तेच येथे नोंदून लेखणी ठेविली.