सोनकांबळे काकांचा आतला प्लग

आमच्या शेजारचे सोनकांबळे काका कुणी भेटलं की आधी त्याच्या गाडीचं इंजिन चाचपतात, मग त्याच्या तोंडाकडे बघतात. "आतला बदलला का?" हा त्यांचा नमस्कार. पाहुणा दारात चप्पल काढत असतो, हातात डझनभर केळी असतात, आणि काका विचारतात, आतला बदलला का.

प्रश्नाचा अर्थ आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना वेड्यात काढाल. मी काढलं होतं. काकांकडे अठरा वर्षांची मोटारसायकल आहे. एकाच इंजिनाला ठिणगी पाडणारे दोन प्लग. एक उजवीकडे, आंधळ्यालाही सापडेल असा. दुसरा डावीकडे, टाकीच्या खाली, खोल भोकात, आणि वरून फ्रेमचा पाइप आडवा. टाकी उतरवली तरी हात काही जात नाही. काकांच्या मते निम्मे मिस्त्री दिसतो तो प्लग बदलतात, आतल्याला नुसती फुंकर मारतात आणि 'दोन्ही केले' म्हणून सांगतात. "दिसतो तो प्लग कोणीबी बदलंल म्याडम. माणूस कळतो आतल्यावरून."

म्याडम म्हणजे मी. शाळेत गणित शिकवते आणि बारा वर्षं काकांच्या भिंतीला भिंत लावून राहते. माझ्या स्कूटीला एकच प्लग, त्यामुळे काकांच्या नजरेत मी जरा खालच्या इयत्तेत आहे.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. धिप्पाड माणूस. हात म्हणजे फावडी. चहाचा कप धरला की कप दिसेनासा होतो. आवाज कालव्याच्या या काठावरून त्या काठाला जाणारा. रिटायर झाले तरी तो काही त्यांनी खात्याला परत केला नाही.

त्यांच्या मुलीची, सुजाताची, सोयरीक याच प्रश्नावर जमली. पहिला मुलगा इंजिनिअर. आतला कोण बदलतो, तर म्हणाला, "सर्व्हिसिंगवाले बदलत असतील." पोहे खाऊन झाले आणि बाद. दुसरा म्हणाला, "मी स्वतः बदलतो." काकांनी त्याच्या हातात पाना दिला. पाऊण तासानं बिचारा पांढऱ्या शर्टाला ग्रीस लावून परत गेला. तिसरा लातूरचा, शिक्षक. तो म्हणाला, "आतला मला जमत नाही, काका. हात जात नाही." काकांनी उभ्या उभ्या होकार दिला. "खरं बोलला पोरगा!" काकू म्हणजे कमलमावशी तोंडाला पदर लावून हसून राहिल्या होत्या. मला वाटलं, लग्न ठरलं म्हणून.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काका प्लग काढत. महिन्या-महिन्याला काढायची काही गरज नसते, पण सांगणार कोण? "इंजिन थंड पाहिजे, माणूसबी थंड पाहिजे," असं म्हणत सुरुवात. सायकलच्या पंपानं भोवतीची धूळ उडवायची, नाहीतर प्लग काढला की ती आत पडते. प्लग बसवताना "आधी बोटानं, मग पान्यानं." पहिले चार फेरे बोटानंच द्यायचे, पान्यानं जबरदस्ती केली की आटे वाकडे बसतात आणि मग इंजिनाचं डोकंच जातं. उजवा प्लग गल्लीसमोर, भाषणासकट व्हायचा. मग "आतल्याला शांतता लागते" म्हणून काका गाडी ढकलत मागच्या अंगणात न्यायचे. मावशी चहा घेऊन मागं जायच्या, दार बंद. दहा मिनिटांनी आरोळी यायची, "बसला आतला!" गल्ली म्हणायची, "वा काका!"

थोड्या वेळानं मावशी वाटीभर मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन माझ्याकडे यायच्या. नखांत काळं. विचारलं तर म्हणायच्या, "तवा घासला बाई." या बाईचा तवा नेमका पहिल्याच रविवारी कसा घासला जातो, हे गणित मी कधी मांडलं नाही. आणि मी दहावीचे पेपर तपासते!

तीन वर्षांपूर्वी मावशी गेल्या. पंधरा दिवसांचा दवाखाना, आणि संपलं. काकांनी पहिला रविवार मात्र सोडला नाही. उजवा प्लग, भाषण, मागचं अंगण, बंद दार, आरोळी, सगळं तसंच. फक्त हळूहळू गाडी पुलाच्या चढावर आचके द्यायला लागली. कोपऱ्यावरच्या पाशाभाई मिस्त्रींनी एकदा कान लावून सांगितलं, "काका, एकच प्लग काम कर रहा है." काकांनी पाशाभाईंशी महिनाभर बोलणं टाकलं.

मी गप्प बसायचं, तर सुजाताला फोन केला. म्हटलं, बाप भर पुलावर गाडी ढकलतोय, मागून ट्रक येतात, बघ बाई. तिनं फर्मान काढलं, गाडी विका. इकडं काका इरेला पेटले. लातूरला तिच्या लेकीचं नामकरण होतं, रविवारी संध्याकाळी. "गाडीवरच येतो," काकांनी शब्द दिला. "वाटेत एकदा जरी बंद पडली, तर तिथंच विकून बसनं वापस जातो." मी कपाळावर हात मारला. पुलाचा चढ चढेना ती गाडी लोहा-अहमदपूर करून लातूर कसं गाठणार?

त्या रविवारी सकाळी सहाला भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं.

"म्याडम, तुमच्या बांगडीचं माप काय?"

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला.

"काय म्हणालात?"

"बांगडी. माप काय?"

"सव्वादोन. का?"

"हाव, हेच माप. जरा या इकडं."

मागच्या अंगणात गाडी टाकी उतरवून उभी होती. शेजारी पावडरचा जुना डबा. त्यात एक झिजलेला दातांचा ब्रश आणि पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा. काका गाडीकडे न बघता म्हणाले, "मला जमत न्हाई."

"काय जमत नाही?"

"आतला. कधीच जमला न्हाई. हात जात न्हाई." त्यांनी दोन्ही फावडी माझ्यासमोर धरली. "सुजीची माय बसवायची. बांगड्या काढून हिथं कट्ट्यावर ठेवायची."

तवा, पदराआडचं हसू, लातूरचा जावई. सगळी बेरीज एकदम जुळली आणि मला माझाच राग आला.

"मग तीन वर्षं कोण बदलतंय?"

"कोणीच न्हाई."

"आणि ती आरोळी?"

"सवय हो." काका कट्ट्यावर बसले. "दवाखान्यात जायच्या आधी तिनं नवा बसवला. म्हणाली, आता वर्षभर हात लावायचं काम न्हाई. वर्ष झालं, तवा पाना घेऊन बसलो. पाशाला बोलवावं म्हटलं. पर तिच्या हातानं आवळलेलं हाय ते म्याडम. घरात बाकी सगळं हललं, तेवढंच जसंच्या तसं हाय. सोडवून घ्यायला जीव धजंना. अन् एका प्लगवरबी चालते गाडी. पळत न्हाई, एवढंच."

माझे डोळे भरून आले. "मग राहू द्या ना काका. बसनं जावा. सुजाताला मी समजावते."

"तिला शब्द देऊन बसलो. अन् उद्या गाडी कायमची बंद पडली तर? ती मागं बसायची ती शीटबी जाईल." त्यांनी नवा प्लग पुढं केला. "काढा तुम्ही. मी तिकडं बघतो."

मी बांगड्या काढल्या, कट्ट्यावर ठेवल्या. पंपानं धूळ उडवली, हात पाइपाखालून आत घातला, पाना बसवला. हलेना. दोन्ही पाय रोवून जोर लावला, तरी हलेना.

"मावशी, किती आवळलंय हो!" मी वैतागून बोलून गेले.

भिंतीकडे तोंड करून काका हसले. "लई ताकद होती तिच्यात."

मग कर्र झालं. काकांचे खांदे एकदा हलले. सुटलेल्या प्लगावर नळी चढवून मी तो वर काढला. काळाठिक्कर, गंजलेला. त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि प्लग दिसेनासा झाला.

नवा प्लग नळीत अडकवून खाली सोडला. दोनदा वाकडा गेला. मी प्लगाला, फ्रेमला आणि गाडी बनवणाऱ्याला शाळेत बोलत नाही ते सगळं बोलले.

"थंड म्याडम, थंड. आधी उलटा फिरवा, आटा घावतो. ती तसंच करायची."

उलटा फिरवला, टक झालं. मग सुलटा. एक, दोन, तीन, चार. बोटाला कळलं की बसला. मग पान्यानं आवळला.

टाकी चढवून काका गाडी गल्लीत घेऊन आले. पाशाभाई चहाचा ग्लास घेऊन उभेच होते. अबोला विसरून, की मुद्दाम, त्यांनी विचारलं, "क्यों काका, बसला आतला?"

काकांनी छाती भरून घेतली आणि तो कालव्यावरचा आवाज लावला. "बसला! पर मी न्हाई बसवला! मला कधीच जमला न्हाई! पंधरा वर्षं सुजीची माय बसवायची अन् तारीफ मी खायचो. आज म्याडमनं बसवला!"

मग पाशाभाई हळूच म्हणाले, "मेरे कू मालूम था काका. इत्ता बडा हात जाता कां वां?"

काका हसले, डोळे पुसले आणि बटण दाबलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या आवाजात आचका नव्हता एवढं कळलं. शर्टाचा खिसा जुन्या प्लगानं एका बाजूला ओघळला होता. तसेच गेले.

दुपारी सुजाताचा फोन आला. "बाबा पोचले. एकदाबी बंद पडली न्हाई म्हणून सगळ्यांना सांगून राहिले. पर आल्या आल्या ह्यांच्या गळ्यात पडून रडले हो. 'तू तवाच खरं बोलला होतास' म्हणले. काय झालं काय?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं. "सांगतील आता."

सोमवारी शाळेत गेले तरी नखांतलं काळं निघालं नव्हतं. खरं सांगायचं तर मी फारसं घासलंही नव्हतं. स्टाफरूममध्ये डबा उघडला तर शेजारच्या बाईंनी विचारलंच, "हे काय हो नखांत?"

'तवा घासला' अगदी ओठांवर आलं होतं.

"प्लग बसवला," मी म्हटलं. "आतला."