अक्कांसह पचनसंस्था

यज्ञेश्वर गुरुजींची शाळा गगनबावड्याच्या अलीकडे डोंगरात. तिथे पाऊस हवा तेवढा, मोबाईलला रेंज मात्र औषधालाही नाही. अशा शाळेला कुणा दानशूर माणसाने भलामोठा टीव्ही दिला होता. गुरुजी राहायला कोल्हापुरात. घरी व्हिडिओ उतरवायचे, पेनड्राइव्हवर घालून न्यायचे आणि पाचवीच्या पोरांना दाखवायचे, असा त्यांचा बेत होता.

पहिल्याच दिवशी बेत फसला. ॲपमध्ये डाउनलोड केलेला व्हिडिओ ॲपमध्येच राहतो, पेनड्राइव्हवर जात नाही, हे गुरुजींना भर वर्गात कळलं. पोरांनी तासभर काळ्या पडद्यात आपापली तोंडं बघितली आणि तरीही "लई भारी" म्हणून टाळ्या वाजवल्या.

बातमी केंद्रप्रमुख बाळासो खराडे साहेबांच्या कानावर गेली.

"गुरुवारी येतो," साहेबांनी सांगितलं. "टीव्हीवर पाठ झाला तर ठीक. न्हाईतर टीव्ही खालच्या शाळंला. तिथं रेंज हाय."

पोरांनी त्या टीव्हीला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं, दसऱ्याला त्याची पूजाही केली होती. टीव्ही गेला तर पोरांना काय सांगायचं, या विचाराने गुरुजींना जेवण गोड लागेना.

मग कुणीतरी त्यांना स्क्रीन रेकॉर्डिंगची युक्ती सांगितली: व्हिडिओ चालू असताना फोनचा पडदाच रेकॉर्ड करायचा, ती फाइल पेनड्राइव्हवर जाते. बुधवारी सकाळी गुरुजींनी स्वयंपाकघरात फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला, पचनसंस्थेचा व्हिडिओ लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आंघोळीला गेले. त्यांच्या आई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. परत आल्यावर गुरुजींनी पहिलं मिनिट तपासलं. चित्र झकास, आवाज खणखणीत. त्यांचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी साहेब आले. टीव्हीच्या बटणाला पाठ लावून खुर्चीत बसले आणि रिमोट स्वतःच्या हातात घेतला. व्हिडिओ सुरू झाला. पहिलं मिनिट व्हिडिओतल्या बाई शुद्ध मराठीत बोलल्या.

"अन्न अन्ननलिकेतून जठरात जाते."

"जाईल न्हाईतर काय! वाटंत कोण धरून ठेवतंय?"

हा आवाज अक्कांचा होता. फोनने पडद्याबरोबर अख्ख्या स्वयंपाकघराचा आवाज टिपला होता.

"लहान आतड्याची लांबी सहा ते सात मीटर असते."

"अगं बया! म्हंजे आत लुगडंच घडी घालून ठिवलंय की!"

पोरं खिदळली. गुरुजी बटणाकडे सरकले, पण बटण साहेबांच्या मागे होतं.

"बसा की गुरुजी," साहेब म्हणाले. "बघू दे मला."

"जठरात अन्नाची घुसळण होते."

"ताकागत म्हण की! आणि त्या खराडे साहेबाचं काय हुत आसंल? गेल्या साली घरी जेवायला आलता. चार भाकरी, सात वाट्या पांढरा रस्सा, आणि निघताना म्हणतोय, अक्का, सोडा हाय का? आता त्येच्या भ्यानं माझं पोरगं जेवना!"

साहेबांनी एक हात हळूच पोटावर ठेवला. रिमोट मात्र दाबला नाही. व्हिडिओ संपेपर्यंत गुरुजी मनातल्या मनात टीव्ही खोक्यात भरत होते.

"लहान आतडं किती लांब?" साहेबांनी एकदम विचारलं.

पुढच्या ओळीतली सोनम ताडकन उठली. "सहा ते सात मीटर, सर. लुगड्यापेक्षा जरा कमी."

"जठरात काय हुतं?"

"ताकागत घुसळतंय!" सगळा वर्ग ओरडला.

"अपचन कशानं हुतं?"

सगळे साहेबांच्या पोटाकडे बघत होते.

"कळलं," साहेब म्हणाले. त्यांनी शेरेबुक ओढलं आणि लिहिलं, 'पाठ परिणामकारक. टीव्ही याच शाळेत ठेवावा.' मग गुरुजींना बाजूला घेतलं.

"वीस वर्षं पाठ बघतोय, पोरं इतकी कधी बोलली न्हाईत. ह्यो व्हिडिओ सगळ्या शाळांना द्या. फकस्त माझ्या भाकरी तेवढ्या काढा. पुढच्या म्हैन्यात श्वसनसंस्था. अक्काच पायजेत."

गुरुजी आनंदाने घरी आले. अक्कांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून फोनसमोर बसल्या.

"नमस्कार, बालमित्रांनो. फुफ्फुस हा आपल्या शरीरातील एक महत्त्वाचा अवयव आहे."

"अक्का, आपलं नेहमीचं बोल की!"

"नेहमीचंच बोलत आहे, बाळ."

आपल्या आईने जन्मात आपल्याला 'बाळ' म्हटलेलं गुरुजींना आठवेना. चार वेळा रेकॉर्डिंग केलं, चारही वेळा अक्का तशाच बोलल्या. शेवटी गुरुजींनी "ऱ्हाऊ दे" म्हणत फोन बाजूला केला. अक्कांनी चष्मा काढला आणि लसूण पुढ्यात ओढला.

गुरुजींनी जरा वेळ जाऊ दिला. मग श्वसनसंस्थेचा व्हिडिओ लावला, गुपचूप रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि फोन बरणीला टेकवून ठेवला. खांद्यावर टॉवेल टाकत ते म्हणाले,

"अक्का, रविवारी खराडे साहेब जेवायला येतो म्हणालाय."

"काय?" अक्का कडाडल्या.

गुरुजी आंघोळीला गेले.