चौगुलेकाकांचा ब्लोअर

अन्याय माझ्यावर झाला. करोनाच्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता. नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या कडेला भाड्यानं मिळणाऱ्या बागा आहेत. तिथल्या फाटकाशी, दीड मीटर अंतर राखून, मी 'लाकूड जाळणं थांबवा' अशी पत्रकं वाटत होते. पत्रक मीच लिहिलेलं. शेजारी आमच्या गटातले दोन डच कार्यकर्ते. तेवढ्यात माझ्या पाठीमागून काळ्या धुराचा लोट उठला आणि त्या लोटातून खणखणीत कोल्हापुरी हाक आली, "ए अदिती! ये की काकवी प्यायला!"

डच कार्यकर्त्यांनी धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पत्रकात तोंड खुपसलं.

हे उत्तम चौगुले. माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, मार्चपासून घरूनच. इथं ऊस नाही, पण साखरेच्या बिटाचे ढीग शेतांच्या कडेला पडलेले असतात. काकांनी एका शेतकऱ्याकडून दोन पोती आणली, बीट किसलं, शिजवलं, पिळलं आणि रस आटवायला आपल्या भाड्याच्या बागेत चुलवाण बांधलं. वर पत्र्याची पसरट काहील. अगदी गुऱ्हाळासारखं. धूरही गुऱ्हाळासारखाच.

बागेच्या समितीची अध्यक्ष अन्नेके. तिनं दोनदा ताकीद दिलेली होती. तिसऱ्यांदा धूर दिसला की बाग परत घेणार, हे तिनं हसतमुखानं सांगून टाकलं. काकांनी एक शेवटची संधी मागितली. अन्नेके म्हणाली, ठीक आहे, पण धूर नाही असं ही मुलगी म्हणाली पाहिजे. ही मुलगी म्हणजे मी. झाला ना दुसरा अन्याय?

त्या दिवसापासून माझा फोन माझा राहिला नाही.

"अदिती, चुलीला हवा कमी पडली की धूर होतो. मग आपल्याला काय पाहिजे?"

"गॅसची शेगडी."

"ब्लोअर! आता कुठला, ते ठरवू."

मी म्हटलं, "काका, गॅसवर काकवी होत नाही का?"

"होते की. ईमेलनं चळवळ होत न्हाई का? मग तू कागद कशाला वाटत फिरतीस?"

ब्लोअरची निवड त्यांनी बँकेची सिस्टिम निवडावी तशी चालवली. शॉर्टलिस्ट, टेस्ट केस, पहिली फेरी, दुसरी फेरी. बागेत वीज नाही, बोटीची एक जुनी बॅटरी आहे, ही त्यांची 'रिक्वायरमेंट'. पहिला उमेदवार हवेची गादी फुगवायचा पायपंप. त्याला वीज लागत नाही, पाय लागतो. पाय कुणाचा? पर्यावरणवादी कार्यकर्ती तासभर लाकडाच्या आगीला हवा घालत नाचत होती. कुणी फोटो काढला असता तर माझ्या गटानं मला तिथंच निरोप दिला असता.

दुसरा उमेदवार पालापाचोळा उडवायचं यंत्र. त्यानं चुलवाणातली सगळी राख उचलून काहिलीत घातली. रस मिरपूड टाकल्यासारखा दिसायला लागला.

"काका, फेल!"

"फेल म्हणू नये. लर्निंग म्हणावं." हे त्यांचं लाडकं वाक्य. माझ्या केसांतली राखसुद्धा लर्निंगच.

तिसरा जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. गरगर फिरला, पण लाकडं रचल्यावर हवा आत जाईना, उलटी आमच्याच तोंडावर यायला लागली. काकांनी त्याला काढून बाजूला ठेवलं. "फिरतोय लई, ढकलत काहीच न्हाई. आमच्या मॅनेजरसारखा."

मी चिडून म्हटलं, जो मोठा दिसेल तो घ्या आणि सोडवा मला. तर म्हणाले, "हवा किती, हे कुणीबी सांगंल. हवा कुठं, ते महत्त्वाचं. खालनं थोडी घालायची, वरनं जास्त. मग धूरच जळतो." हे सगळं मला माहीत होतं. माझ्या पत्रकाच्या मागच्या पानावर होतं! आणि काका माझंच पान मला वाचून दाखवत होते.

शेवटी बोटींच्या भंगारातून इंजिनखोलीची कोंदट हवा बाहेर ओढणारा प्लास्टिकचा ब्लोअर मिळाला. बॅटरीवर चालणारा. वितळू नये म्हणून तो लांब ठेवला, मध्ये पत्र्याचा पाइप, पाइपला झडप, आणि आगीच्या वरच्या बाजूला भोकं पाडलेली नळी.

परीक्षेच्या सकाळी अन्नेके आली. काकांच्या पत्नी सुनंदाकाकूही आल्या. मी त्यांना कित्येक महिन्यांत जिन्यातही पाहिलं नव्हतं. शाल गुंडाळलेली, चेहरा निम्मा झालेला. काकांनी त्यांना खुर्ची दिली, ती दोनदा हलवून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि मग लाकडं पेटवली. सुरुवातीला पांढरा धूर आला. काकांनी झडप बोटभर सरकवली. धूर विरळ झाला, मग दिसेनासाच. अन्नेकेनं धुराड्याकडे पाहून विचारलं, "पेटलंय ना नक्की?"

रस उकळायला लागला. काकू पुढं वाकल्या.

"अहो, जळतंय का काही?"

"न्हाई गं."

"खरंच?"

"या पोरीला विचार. ही धुराची वैरी हाय."

मग अन्नेके काहील बघायला वाकली, तेव्हा काका मला बाजूला घेऊन हळू बोलले. मार्चमध्ये काकूंना करोना झाला. बऱ्या झाल्या, पण उन्हाळ्यापासून त्यांना सगळ्याचाच करपलेला वास येतो. चहाचा, कांद्याचा, साबणाचा. थंड दहीभात तेवढा जातो. हाउसआर्त्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणतो, थांबा. फोनवर नातेवाईक म्हणतात, मनावर घेऊ नका. माहेरच्या गुऱ्हाळात जाऊन बसावंसं वाटतं, एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि विमानं बंद.

"ती दिवसातनं दहादा विचारते, जळतंय का. स्वतःच्या नाकावर विश्वास राहिला न्हाई तिचा. मला छातीवर हात ठेवून 'न्हाई' म्हणता आलं पाहिजे, अदिती. थोडा धूर असला आणि मी न्हाई म्हटलं, तर ते खोटं झालं."

मी धुराड्याशी गेले, वर पाहिलं, काहिलीवर वाकून वास घेतला. परत येऊन काकूंना सांगितलं, "नाही काकू. लाकडं सोडून काहीही जळत नाहीये."

त्यांनी चमच्यानं काकवी चाखली. तोंड वाकडं केलं. "करपटच लागतंय." आणि चमचा पुन्हा पुढं केला. काकांनी तो भरून दिला आणि झडपेकडे वळले.

अन्नेकेनं परवानगी दिली. लाकूड जाळण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पुढच्या पत्रकात पुन्हा लिहीन. पण 'मनावर घेऊ नका' म्हणणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळं लिहिते आहे. तुमच्या घरात कुणी 'काही जळतंय का' असं विचारलं, कितव्यांदाही विचारलं, तर बसल्या जागेवरून 'नाही' म्हणू नका. उठा. शेगडीपाशी जा. नीट बघा. आणि परत येऊन सांगा.