“कापू?” विचारणारे दस्तगीरचाचा

आमच्या गल्लीच्या तोंडाला दस्तगीरचाचांचं शिवणाचं दुकान होतं, आणि कुणीतरी “कापा” म्हटल्याशिवाय चाचा कापडाला कात्री लावत नसत. थट्टा नाही करत. मापं घेणार, कापड पसरणार, खडूनं झोकात रेघा मारणार, कात्री उचलणार आणि रस्त्यानं जो जाईल त्याला हाक मारणार, “ओ पावणं, कापू?”

“कापा की!”

“बघा हां. खडू पुसता येतो, कात्री न्हाय.”

मग बाही किती, कॉलर कशी, पावण्यांचं गाव कुठलं, तिकडं ऊस कसा आहे, यात अर्धा तास जाई. एका नवरदेवाचा कोट लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत नुसता खडूतच होता. नवरदेवाचा मामा लालबुंद होऊन आला, तर चाचांनी त्यालाच विचारलं, “कापू?” पण कोट असा बसला की वरातीत लोक नवरदेव सोडून कोटच बघत होते.

चाची गेल्यापासून ही खोड लागली, असं आई म्हणे. मी म्हणे, माणूसच भित्रा. रोज दहाला कॉलेजला जाताना पहिलं “कापा” माझं असे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणिताचे सर मला म्हणाले, “तू ऑनर्स घे.” झालं, माझी झोप उडाली. ऑनर्स म्हणजे जादा पेपर, सकाळी सातला तास, आणि भलीभली मुलं त्यात आपटलेली. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. “घे. पण नापास झालीस तर शिक्षण बंद, आणि मुरगूडचं स्थळ बघायचं.” साध्या बी.एस्सी.ला मी डोळे झाकून पास झाले असते. पण गणित मला जीव की प्राण. सांगा, काय करायचं माणसानं?

फॉर्म चाचांना दाखवला. “पेन्सिलीनं भर,” ते म्हणाले. आठ दिवस मी ऑनर्सच्या रकान्यात “होय” लिहीत होते आणि खोडत होते. तिथला कागद इतका झिजला की मागचं बोट दिसायला लागलं. आई भाकरी वाढायची आणि मी दोन घासांत उठायची.

शनिवारी बाराला कॉलेजची खिडकी बंद होणार होती. साडेअकरा झाले तरी मी चाचांच्या बाकड्यावर रडकुंडीला येऊन बसलेली.

“चाचा, तुमचं माझं दुखणं एकच. तुम्हाला कापडाचं भ्या, मला फॉर्मचं.”

चाचांनी समोरचं कापड ओढलं आणि कुणाला न विचारता, माझ्याकडं बघतच, कात्री चालवली. सूतभरही रेघ सुटली नाही.

“भ्या? चाळीस वर्सं कापतोय पोरी. डोळं झाकून बी कापीन.”

“मग रोज विचारता कशाला?”

चाचांनी कात्री खाली ठेवली. “इचारलं की मानूस थांबतंय. पोरगं तिकडं इचलकरंजीला मागावर कामाला. घरात बोलायला कोन हाय? पर तुझं तसं न्हाय. तू खरंच भितीस. आन् भितीस म्हंजे तुला ते पायजे हाय. भर शाईनं.”

मला एकदम वाईट वाटलं. सातचा तास म्हणजे मी साडेसहालाच निघणार, आणि चाचांचं दुकान उघडायचं नऊला.

“मग सकाळचं ‘कापा’ कोण म्हणणार तुम्हाला?”

“गल्लीत मानसं मेली न्हाईत अजून. पळ, खिडकी बंद हुईल!”

तिथंच बाकड्यावर शाईनं “होय” लिहिलं, तर झिजलेल्या कागदावर शाई पसरली. तसाच फॉर्म घेऊन पळाले आणि बाराला पाच कमी असताना खिडकीत सरकवला.

सोमवारी साडेसहाला घरातून निघाले. पहिल्याच दिवशी डोक्यात मुरगूड. गल्लीत सगळ्यांची दारं लावलेली होती. एकट्या चाचांचं दुकान उघडं होतं. टोपी वाकडी, डोळे झोपेनं सुजलेले, पुढ्यात खडूनं आखलेलं कापड.

“कापू काय गं?”

मला उशीर होत होता. मी बाकड्यावर टेकले आणि विचारलं, “बाही किती ठेवलीय?”