चौदा नंबरचं फाटक

आमचे शेजारी दिघेकाका राहायचे पंधरा नंबरात आणि संध्याकाळी सहा वाजता परत यायचे चौदा नंबरात, म्हणजे आमच्या घरी. चपला काढून ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसायचे आणि आत न बघताच सांगायचे, "चहा टाक गं." माझी आई आतून "टाकते" म्हणायची. अर्धा चहा संपल्यावर त्यांना कप अनोळखी वाटायचा. "अरे, मी तुमच्याकडे आलो वाटतं." मग स्वतःच स्वतःला गुजरातीत माफ करायचे, "चालशे, चालशे."

थोडा दोष सोसायटीचाही होता. समा भागातली आमची सगळी घरं एकाच नकाशाची. तोच ओटा, तोच झोपाळा, तेच राखाडी फाटक. सुमनकाकू होत्या तेव्हा ही चूक महिन्यातून एखाद्या वेळी व्हायची. काकू कुंपणावरून विचारायच्या, "आमचं माणूस पोचलं का तिकडे?" आणि हसत न्यायला यायच्या. त्या गेल्या आणि चूक रोजची झाली. वय झालं, असं मी धरून चालले.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काका फोरमन होते. नुसत्या आवाजावरून इंजिनातला सैल बोल्ट सांगायचे. सगळं लक्ष तिथेच खर्च होत असावं. एकदा भाजीबाजारातून ते भलत्याचीच स्कूटर घेऊन आले. त्या काळी कुणाचीही किल्ली कुणाच्याही स्कूटरला लागायची. वाटेत आवाज आवडला नाही म्हणून घरी येऊन कार्बोरेटर खोलून साफ केला आणि मग नंबर बघितला. धावतपळत परत द्यायला गेले. मालकाने स्कूटर सुरू करून पाहिली आणि हात जोडले. "काका, आवता महिने पण भूलथी लई जजो." पुढच्या महिन्यातही चुकून न्या, म्हणे. मी कधीच काही विसरत नाही, पण माझ्या हातून कुणाचं एवढं भलं झाल्याचं आठवत नाही.

मी बँकेत नोकरी करते आणि नीटनेटकेपणाची मला खोडच आहे. काकांची रोजची फजिती टळावी म्हणून एका रविवारी मी आमचं फाटक लालभडक रंगवलं. काका बघायला आले. "सरस दिसतंय," म्हणाले. "आता चुकायला काही कारण उरलं नाही."

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी सहा वाजता मी कुंपणावरून डोकावले. काका आपल्या झोपाळ्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते. झोपाळा हलत नव्हता.

आत आले तर आईने स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन कप मांडले होते. एक कप तिने परत फळीवर ठेवला.

"दोन वर्षं रोज सहाच्या ठोक्याला चुकणारा माणूस कधी बघितलायस?" ती म्हणाली. "बँकेत तरी लक्ष देतेस ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यात रंग उरला होता. तो घेऊन मी तशीच पंधरा नंबरात गेले.

"काका, रंग उरलाय. वाळून फुकट जाईल. तुमच्याही फाटकाला लावते."

काका "थांब" म्हणून आत गेले आणि दुसरा ब्रश घेऊन आले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ते. त्यांनी एक थेंबही खाली पडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आमचं फाटक वाजलं. झोपाळा कुरकुरला.

"चहा टाक गं."

चहा केव्हाचा उकळत होता. तरी आई आतून म्हणाली, "टाकते."